मामा समजावतात, भाची विचारते

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका छोट्या मशीन शॉपचे मालक असलेले मामा आमच्या अख्ख्या गल्लीचे मामा आहेत. भावाभावांची वाटणी, अडलेली सोयरीक, रुसून माहेरी गेलेली सून, नापास होऊन घर सोडून गेलेलं पोरगं, यांतलं काहीही असो, गेली कित्येक वर्षं लोक त्यांच्याकडं येतात आणि म्हणतात, "मामा, तुम्ही जरा समजावून सांगा की त्याला." मामा समजावतात. त्यांची सख्खी भाची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. राजारामपुरीत तिचं क्लिनिक आहे. आपण कुणालाही समजावून सांगत नाही, असं ती म्हणते आणि मामांना नेमकं तेच खटकतं. तासाचे पैसे घ्यायचे आणि वर सल्लाही द्यायचा नाही, हा कुठला धंदा?

गंगावेशीत दूध कट्ट्यावर एका संध्याकाळी दोघं समोरासमोर आले. समोर म्हशीची धार काढतात, ग्लास वरपर्यंत फेसानं भरतो आणि तो ओठाला लावेपर्यंत माणूस काही बोलत नाही. तेवढीच काय ती शांतता. पुढचं बोलणं मी आठवेल तसं दिलंय. काही तपशील मुद्दाम गाळलेत, कारण भाचीनं तशी अट घातली.

मामा : माझ्याकडं एक टर्नर आहे. मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगतो, असला हात. पण पगार झाला की तीन दिवस गायब. बायको आली रडत. मी बसवला त्याला समोर, दोन तास बोललो. पोरांची शपथ घातली. त्यानं पाय धरले माझे. आठ दिवस सरळ, नवव्या दिवशी पुन्हा तेच. आता तू सांग, मी दोन तास बोललो ती बडबड, आणि तू पाऊण तास बोललीस की तो उपचार?

भाची : त्या दोन तासांत तो किती बोलला, मामा?

मामा : तो काय बोलणार? मान खाली घालून बसला होता.

भाची : म्हणजे दारू का सोडायची याची तुमची कारणं तुम्ही त्याला ऐकवलीत. ती त्याला पाठ आहेत. आई सांगते, बायको सांगते, सासऱ्यानं सांगून झालंय. दारू सोडावी असं त्यालाही वाटतं आणि सोडू नये असंही वाटतं. तुम्ही 'सोड' ही बाजू उचललीत की त्याच्या वाट्याला उरते दुसरी. मग तो मनातल्या मनात तीच लढवत बसतो. पाय धरून तुम्हाला गप्प केलं त्यानं, दुसरं काही नाही.

मामा : मग तू काय करणार? आरती ओवाळणार त्याची?

भाची : विचारणार. पिण्यातून तुला काय मिळतं, हेसुद्धा विचारणार. ते आजवर कुणी विचारलेलं नसतं. मग विचारणार, यात तुला न पटणारं काय आहे? विल्यम मिलर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८३ साली दारूच्याच रुग्णांबरोबर काम करताना ही रीत मांडली. बदलाचं कारण पेशंटच्या तोंडून यायला पाहिजे. थेरपिस्टच्या तोंडून आलं की ते कीर्तन होतं.

मामा : कीर्तनाला नावं ठेवू नकोस. कीर्तनानं सुटलेत लोक. आमच्या भावकीत एकानं माळ घातली, वारीला गेला. दारू सुटली, मटण सुटलं, शिव्यासुद्धा सुटल्या. कुठल्या क्लिनिकात गेला होता तो? फी किती? एक तुळशीची माळ.

इथं भाची माळेला अंधश्रद्धा म्हणेल, अशी माझी अटकळ होती. मामांचीही असावी, कारण त्यांनी ग्लास खाली ठेवून बाह्या सरसावल्या होत्या.

भाची : मी माळेला नावं ठेवत नाही. माळ काम करते आणि का करते तेही दिसतं. सगळ्यांदेखत जाहीर होतं, त्यामुळं कुणी ग्लास पुढं करत नाही. संध्याकाळची संगत बदलते, गुत्त्यावरून जाणारी वाट सुटून भजनाला जाणारी लागते. दरवर्षी आषाढीची तिथी ठरलेली असते. अख्खी व्यवस्था आहे ती. माझा प्रश्न वेगळाच आहे. ज्याची माळ तुटते, त्याचं काय?

मामा : त्याचं काय म्हणजे? तुटली तर तुटली.

भाची : तो परत घालतो का?

मामा : (थोडं थांबून) लाजतो. दिंडीतल्या माणसांना तोंड दाखवत नाही मग. आणि आधीपेक्षा दुप्पट पितो.

भाची : तिथून माझं काम सुरू होतं. घसरण होणार, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात धरून चालतो. कुठं घसरशील? पगाराच्या दिवशी? मेव्हण्याच्या लग्नात? मॅच हरल्यावर? घसरलास तर पहिला फोन कुणाला करशील? एक दिवस घसरला म्हणजे सगळं संपलं, असं मानणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पितो. हा एका दिवसाचा महिना होऊ नये म्हणून आधीच तयारी करून घ्यावी लागते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते चालवलं डॉ. अनिता अवचटांनी, त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. तिथं घसरून परत आलेल्याला दार बंद नसतं. आणि काम करणाऱ्यांत कितीतरी जण आधी तिथंच रुग्ण होते.

मामा : ते चांगलंय. पण तिथं जायला आधी मन खंबीर पाहिजे. मनच खंबीर असतं तर प्याला असता कशाला? सगळं मनात आहे, पोरी. मनात आणलं की माणूस काहीही करतो.

भाची : माझं नेमकं उलटं म्हणणं आहे. मनात येईपर्यंत थांबलं तर आयुष्य जातं. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं.

मग तिनं अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. मराठी वाचकाला हा गृहस्थ अनोळखी नाही. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी त्याची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडं रुजवली, अंजली जोशींनी त्याच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली, आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी ती पद्धत गावोगाव सांगत आलेत. एलिसनं ती मांडली १९५५ च्या सुमारास. पण भाचीनं सांगितला तो त्याआधीचा प्रसंग. एलिस एकोणीस वर्षांचा, न्यूयॉर्कमध्ये राहणारा. मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्यानं स्वतःलाच एक काम नेमून दिलं. महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. काही जणी उठून गेल्या. शंभर जणींशी तो बोलला. त्यांतली एक पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही.

मामा : (हसून) म्हणजे शंभरात शून्य. रंकाळ्यावर असलं काही केलं असतं तर पोलिसांनी उचलला असता.

भाची : उचललाच असता. आणि त्या बायकांना काय वाटलं असेल, हाही प्रश्न आहेच. पण भीती गेली त्याची. कुणी थोबाडीत मारली नाही, कुणी पोलिसाला बोलावलं नाही. नकार आला तरी आपण मरत नाही, हे त्यानं शंभर वेळा अंगावर घेतलं. 'घाबरू नकोस' असं त्याला हजार वेळा सांगून हे झालं नसतं.

मामा : ही झाली गोऱ्यांची गोष्ट. आपल्याकडं कुणी सिद्ध केलंय? एका माणसाचं झालं म्हणून मी माझ्या टर्नरचे हजार रुपये घालवू?

भाची : गोव्याचं चालेल? 'संगथ' ही संस्था १९९६ पासून तिथं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नैराश्याचे पेशंट घेतले, तेही बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे. चिठ्ठी काढावी तसे दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातल्या डॉक्टरचा नेहमीचा उपचार, थोडा सुधारून. दुसऱ्याला तोच, शिवाय सहा ते आठ बैठका. आणि बैठका घेणारे माझ्यासारखे डिग्रीवाले नव्हते. गावातलीच साधी माणसं, शिकवून तयार केलेली. बोलायचं काय? तर आठवड्याचा तक्ता. आधी काय करायचीस जे आता बंद झालंय? बाजार? शेजारणीकडं जाणं? मग बुधवारी अकरा वाजता शेजारणीकडं जायचं, वाटो न वाटो. पुढच्या बैठकीत तक्ता बघायचा. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के त्या आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय, २०१७ साली.

आयुष्यभर कोटेशनं वाचलेल्या मामांनी आकडे ऐकले की त्यांचे डोळे बारीक होतात.

मामा : थांब. नुसत्या डॉक्टरच्या गोळीनं आणि बोलण्यानं ३९ बरे झालेच की. म्हणजे तुझी कमाई पंचवीसची. आणि शंभरातले छत्तीस तुझ्याकडं येऊनही तसेच.

भाची : बरोबर वाचलंत. छत्तीस तसेच. त्यांना दुसरं काहीतरी लागतं, औषध लागतं, कधी जास्त दिवस लागतात. पण पंचवीस म्हणजे दर चार माणसांमागे एक जास्तीचा माणूस. तुमच्या शॉपमध्ये दर चार नगांमागे एक रिजेक्शन वाचवणारं टूल कुणी दाखवलं, तर घ्याल की नाही?

मामा : घेईन. दारूचं केलं का त्यांनी?

भाची : केलं. तिथं फरक कमी. ३६ आणि २६.

मामा : बघ! (कट्ट्यावरच्या आणखी दोघांनी वळून बघितलं.)

भाची : बघतेय. दारू सोपी असती तर माळ घालणारे सगळेच सुटले असते.

इथं मामांनी पवित्रा बदलला आणि मला वाटतं, त्यांचा खरा मुद्दा इथं आला. बाकी सगळी झटापट होती.

मामा : तुमचं हे सगळं मनाच्या आत चालतं. पण दुखणं बाहेर असतं. २०१९ ला पंचगंगा आली तेव्हा चिखली, आंबेवाडी, सगळा शिरोळ तालुका पाण्याखाली. जनावरं दावणीला मेली. २०२१ ला पुन्हा. त्या माणसाच्या मनात काय बिघाड होता? बिघाड नदीत होता, धरणाच्या विसर्गात होता, पूररेषेत बांधकामाला परवानगी देणाऱ्यात होता. त्याला भरपाईचा चेक द्या, उंचावर घर द्या. ते सोडून समुपदेशक पाठवायचे म्हणजे, तुझी झोप उडालीय हा तुझा दोष, असं सांगणं झालं.

भाची : चेक आधी. यात माझं दुमत नाही. घरात चिखल असताना दीर्घ श्वास घ्या म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. पण चेक मिळाला, भिंती रंगवल्या, आणि तरी माणूस परत आला नाही, असं बघितलंय मी. एक बाई येत होत्या. जून लागला की मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायच्या. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, हे तुम्हाला-मला पाठ आहे. या बाई पातळी पंधरा-सोळा फूट असतानाही बघायच्या. दर अर्ध्या तासानं. रात्री दोनला उठून बघायच्या. पत्र्यावर पाऊस वाजला की गॅस बंद करून गाठोडं बांधायला घ्यायच्या. सून वैतागली, नातू घाबरायला लागला. चार महिने घरात हेच.

मामा : मग तू काय सांगितलंस? पाणी येत नाही म्हणून?

भाची : तसं कसं सांगू? येतं की पाणी. दोनदा आलंय. तिची भीती खोटी नव्हती, त्या भीतीला करायला काम नव्हतं. आम्ही एक कागद घेतला. ३५ फूट झालं की काय करायचं: रेशन कार्ड, सातबारा, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. ३९ ला म्हशी कुणाच्या गोठ्यात न्यायच्या, त्याला आजच विचारून ठेवायचं. ४१ ला कुणाच्या घरी जायचं आणि कुठल्या रस्त्यानं, कारण नेहमीचा बंद होतो. हे सगळं तिनंच सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं. मग ठरवलं की पातळी दिवसातून दोनदा बघायची, सकाळी आठ आणि रात्री आठ. मधल्या वेळेत हात मोबाईलकडं गेला तर कागद वाचायचा. पहिला आठवडा फार वाईट गेला. तिनं फोन सुनेकडं दिला आणि दर तासाला मागून घेतला. दुसऱ्या आठवड्यात जरा बरं. पावसाळा संपेपर्यंत रात्रीची उठायची थांबली.

मामा : आंबेवाडीची काय गं ती? माझ्या ओळखीची असणार.

भाची : सांगणार नाही. आणि तिची ओळख पटेल असं मी काही सांगितलेलंही नाही.

मामा : माझ्यापाशीसुद्धा न्हाई?

भाची : तुमच्यापाशी तर नाहीच. मामा, तुमच्यासमोर रडलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेठेत निघाला की चहावाल्यापासून सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही वाईट हेतूनं सांगत नाही. 'बिचारा' म्हणून सांगता. पण त्यामुळं लोक तुमच्याकडं अर्धंच बोलतात. माझ्याकडं आलेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मला तसं बांधूनच टाकलंय.

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरा ग्लास मागवला, आणि तो अर्धा होईपर्यंत फुटबॉलचा विषय काढून पाहिला. मला या जागी भाचीची बाजू सगळ्यात भक्कम वाटली, गोव्याच्या आकड्यांपेक्षाही. आपल्याकडं जिव्हाळ्याची माणसं कमी नाहीत. ज्याच्याशी आपला रोजचा संबंध नाही, लग्नात गाठ पडणार नाही, देणंघेणं नाही, असा ऐकणारा माणूस मात्र गावात सापडत नाही. तासाचे पैसे त्या परकेपणाचेही असतात.

मामा : आणि ते पाटी लावून बसलेत ते? सहा महिन्यांचा कोर्स केला की 'माइंड कोच'. माझ्या मित्राच्या पोराला एकानं बारा हजार घेऊन मेणबत्तीकडं बघायला लावलं.

भाची : (पहिल्यांदाच आवाज चढवून) त्यांचं मला सांगू नका. तुमच्यापेक्षा मलाच त्यांचा त्रास जास्त होतो. तिथून होरपळून आलेला पेशंट माझ्यासमोर बसतो तेव्हा आधी विश्वास बसवण्यातच महिना जातो. विचारायचं सरळ: शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक दाखवा. आपण नेमकं काय बदलायचं ठरवतोय आणि ते बदलतंय हे कशावरून कळणार? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, तिथून उठायचं. चार-पाच बैठकांनंतर आठवड्यातलं काहीच हललं नसेल तर तसं तोंडावर सांगायचं. मला सांगितलं तर मला वाईट वाटत नाही.

मामा : आणि ज्याच्या खिशात पैसेच न्हाईत?

भाची : सीपीआर रुग्णालयाची ओपीडी आहे. १४४१६ हा टेलिमानस या मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पुरेसं नाही हे. पण काहीच नाही असंही नाही.

मामा : बरं, ते राहू दे. त्या टर्नरला पाठवू का तुझ्याकडं? पैसे मी देतो.

भाची : त्याला यायचंय?

मामा : त्याला कशाला यायचं असतंय? त्याच्या बायकोला पाहिजे.

भाची : मग तिला पाठवा.

मामा : आँ? दारू तो पितोय आणि दवाखान्यात ही बसणार?

भाची : बदलायची इच्छा कुणाची आहे? तिची. मग सुरुवात तिच्यापासून. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, तो उगाच नाही. तो तीन दिवस गायब असतो तेव्हा शॉपला फोन कोण करतं?

मामा : तीच करते. ताप आलाय म्हणते.

भाची : गुत्त्याची उधारी कोण फेडतं?

मामा : ती. भिशी लावलीय तिनं, त्यातून.

भाची : पडला कुठं तर उचलून कोण आणतं, कपडे कोण बदलतं, सकाळी लिंबूपाणी कोण देतं? सगळं मायेपोटी. त्यामुळं पिण्याचा जो भुर्दंड त्याला बसायचा तो हिच्या अंगावर पडतो. त्याला सोडायचं कारणच उरत नाही. यातलं काय थांबवायचं, कधी थांबवायचं, थांबवलं आणि त्यानं हात उगारला तर कुठं जायचं, हे तिच्याशी बसून ठरवावं लागेल. एकदम सगळं नाही. एखादा फोन. ताप आलाय हा एक फोन तिनं करायचा नाही. तिथून सुरू करू.

मामा : तिला जमणार न्हाई. नोकरी जाईल म्हणून भितीय ती.

भाची : नोकरी कुणाच्या हातात आहे?

मामा : ...

भाची : आणि महिन्याच्या वीस तारखेला त्याला उचल कोण देतं, मामा?

मामा : पोरांच्या फीसाठी म्हणून मागतोय तो. मी दिली न्हाई तर शेजारचा शॉपवाला देऊन त्याला ओढून नेईल. असला टर्नर मिळत न्हाई उद्यमनगरात, तुला काय ठाऊक.

भाची : फी शाळेत जाऊन तुम्ही भरा. किंवा उचल बायकोच्या हातात द्या, त्याला आधी सांगून. त्याच्या मागं नको.

मामा : त्याला काय वाटेल?

भाची : ते त्याला विचारा. आणि या वेळी त्यालाच बोलू द्या.

मामांनी पैसे दिले, तिघांचे. बायकोला कधी पाठवू, हे त्यांनी विचारलं नाही. तिच्या गावाकडं जाणारी एसटी किती वाजता सुटते, एवढीच दूधवाल्याकडं चौकशी करून घेतली.